जुनं म्हणून सूट, पण बार तर आजचाच!

मंडळी, आजचा विषय बंदुकीचा आहे. बंदुका आवडत असोत वा नसोत, न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचावी. यात तुमच्या व्हिसाचाही प्रश्न आहे.

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याला एखादं वस्तुसंग्रहालय आठवतं, नाहीतर कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला ठेवलेली बंदूक. अमेरिकेत मात्र ठासणीची पिस्तुलं आजही नवीकोरी मिळतात. १८५१ चं कोल्ट नेव्ही, १८६० चं कोल्ट आर्मी, यांच्या हुबेहूब प्रतिकृती इटलीतले कारखाने बनवतात. सिलिंडरच्या प्रत्येक घरात काळी दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. भरायला वेळ लागतो हे खरं. पण एकदा भरलं की सहा बार लागोपाठ! अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिक हीच रिव्हॉल्व्हरं घेऊन लढले होते.

आता कायदा काय म्हणतो बघा. १९६८ च्या केंद्रीय गन कंट्रोल ॲक्टने टपालाने घरपोच बंदुका मागवणं जवळपास बंद केलं. पण त्याच कायद्याने 'अँटिक' बंदुका 'फायरआर्म' या व्याख्येतूनच बाहेर काढल्या. अँटिक म्हणजे काय? १८९८ किंवा त्याआधी बनवलेली बंदूक. इथपर्यंत ठीक. पण आजची काडतुसं न चालणारी तिची प्रतिकृतीही अँटिकच, मग ती गेल्या महिन्यात कारखान्यातून बाहेर पडलेली का असेना!

म्हणजे केंद्राच्या कायद्यापुरतं पाहिलं तर ना पार्श्वभूमीची तपासणी, ना परवानाधारक दुकानदाराची गरज. कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरलेल्या माणसाला केंद्राचा कायदा साधं पिस्तूल ठेवू देत नाही. पण हे सहा बारांचं रिव्हॉल्व्हर त्या बंदीत बसत नाही, कारण कायद्याच्या भाषेत ती 'बंदूक'च नाही. जिच्या नवऱ्याला कोर्टाने दोषी ठरवलंय, त्या बाईला हे कसं समजावणार?

बरं, हे झालं केंद्राचं. राज्याची सीमा ओलांडली की गणित बदलतं. टेक्सासची व्याख्या साधारण केंद्रासारखीच. फ्लोरिडात १८९८ ऐवजी १९१८ साल धरतात. न्यूयॉर्क राज्यात ठासणीचं रिकामं पिस्तूल अँटिक, पण सोबत दारूगोळा असला की ते 'भरलेलं' समजतात आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्या न्यू जर्सीत तर अँटिकची सवलत रायफल आणि शॉटगनपुरतीच. ठासणीचं पिस्तूल घ्यायचं तर कुठल्याही हँडगनसारखंच खरेदीचं परमिट लागतं.

डेलावेअर नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनियात हेच पिस्तूल घेताना राज्याच्या कायद्याने नेहमीची तपासणी लागत नाही. पूल ओलांडून घरी आणलंत, की तीच वस्तू गुन्हा ठरू शकते. 'नो परमिट रिक्वायर्ड' ही जाहिरात खोटी नसते, अर्धी असते.

दुसऱ्या टोकाची गोष्टही इथलीच. २०१४ मध्ये कंबरलँड काउंटीत सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकाच्या गाडीत अठराव्या शतकातलं चकमकीचं पिस्तूल सापडलं. रिकामं. तरी त्यांना अटक झाली आणि सक्तीच्या किमान शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर आली. खूप ओरड झाल्यावर २०१५ मध्ये सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. म्हणजे केंद्र कोऱ्या रिव्हॉल्व्हरला म्हातारं समजतं आणि आपलं राज्य खऱ्या म्हाताऱ्याला दरोडेखोर समजतं!

भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा यात जास्त सरळ वाटतो. तिथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, पीक राखण्यासाठी तो देण्याची तरतूदही आहे. जुनाट शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. प्रश्न वयाचा नाही, बार उडतो का याचा.

माझं मत स्पष्ट आहे. कायद्याने सालाऐवजी दोन गोष्टी बघाव्यात: शस्त्र चालतं का, आणि ते कुणाच्या हातात आहे. आणि यासाठी लांब जायला नको, पेनसिल्व्हेनियाचाच कायदा बघा. सामान्य माणसाला तो अँटिकची सूट देतो. पण ज्यांना बंदूक ठेवायला बंदी आहे त्यांना, पिस्तूल वापरण्याजोगं असेल तर, ही सूट नाही. लपवून बाळगायलाही नाही. हेच केंद्राने करावं आणि नव्या प्रतिकृतींना विक्रीच्या वेळी तपासणी लावावी. न्यू जर्सीनेही खऱ्या जुन्या, रिकाम्या पिस्तुलासाठी कुणाला तुरुंगाची भीती घालू नये.

काहीजण म्हणतील, अशा पिस्तुलाने गुन्हे होतात तरी किती? मान्य, गुन्हेगाराला याहून सोपी हत्यारं मिळतात. पण म्हणून माहीत असलेलं भोक उघडंच ठेवायचं का? काहीजण दुसरी दुरुस्ती पुढे करतील. गंमत अशी की १७९१ मध्ये ती मंजूर झाली तेव्हा लोकांच्या हातात ठासणीच्याच बंदुका होत्या. ज्या शस्त्रांसाठी तो हक्क लिहिला, तीच आज केंद्राच्या लेखी शस्त्रं नाहीत!

आता व्हिसाचं. एच-वन-बीवर असलेल्यांना केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून. अँटिक त्या बंदीत येत नाही, हे वाचून कुणी हुरळून जाऊ नका. राज्याच्या कायद्याखाली बंदुकीचा गुन्हा नोंदला गेला, तर ग्रीन कार्डवाल्यांचंही इथलं राहणं धोक्यात येऊ शकतं. भिंतीवर शोभेला लावायचं असलं तरी आधी राज्याचा कायदा बघा आणि वकिलाला विचारा. ऑनलाइन दुकानातल्या 'अँटिक' या एका शब्दावर विसंबू नका.

तुम्हाला काय वाटतं? नव्या प्रतिकृतींना तपासणी हवी की नको? खाली लिहा. वाद घाला, फक्त भांडू नका.