दोन चेंडूंच्या मधली जागा

आमच्या कुडाळात अलीकडे एक नवी जमात वाढते आहे. सामना चालू असतो, घरात मोठा टीव्ही असतो, वाहिनीचे पैसे भरलेले असतात, आणि ही मंडळी सामना पाहत नाहीत. सकाळी पेपर उघडून धावफलक वाचतात, कोणी किती केल्या ते बघतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. साठीच्या आसपासची माणसे. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी एसटीतले, कोणी माझ्यासारखे बँकेतून सुटलेले. वय झाले, डोळे थकले, आवड संपली, असे म्हणून घरची मुले हे प्रकरण मिटवून टाकतात. मला ते पटत नाही. कारण हीच माणसे उन्हाळ्यात गावच्या माळावर टेनिस चेंडूचे सामने लागले की प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रात्री दोनपर्यंत बसलेली मला दिसतात. आवड जिथल्या तिथे आहे. उडाले आहे ते पडद्यावरचे मन.

असे का व्हावे? ‘आमच्या वेळी सगळे चांगले होते’ हे उत्तर सोपे आहे, आणि खोटेही. आमच्या वेळचे दूरदर्शन मी विसरलेलो नाही. खेळपट्टीच्या एकाच टोकाला मुख्य कॅमेरा, त्यामुळे दर दुसऱ्या षटकाला फलंदाजाची आणि यष्टिरक्षकाची पाठ बघत बसायचे. ऐन रंगात बातम्यांची वेळ व्हायची. ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी तर आम्हाला तोंडपाठ होती. 18 जून 1983 रोजी टनब्रिज वेल्सला कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद 175 केल्या, त्याचे तर चित्रीकरणच नाही. जगात कोणाकडेच नाही. आठवडाभराने, 25 जूनला, लॉर्ड्सचा अंतिम सामना दूरदर्शनवर दिसला हे आम्ही भाग्य समजलो. ज्यांच्याकडे संच होता त्यांची पडवी त्या रात्री एसटी स्टँडसारखी भरली होती.

म्हणून खासगी वाहिन्या आल्या तेव्हा त्यांचे स्वागत करणाऱ्यांत मीही होतो. 1993 साली हीरो चषकाच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शनशी तंटा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 1995 मध्ये निकाल लागला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. मग ईएसपीएन, स्टार स्पोर्ट्स अशी नावे घराघरात झाली. दोन्ही टोकांना कॅमेरे आले. चेंडूची शिवण दिसू लागली, फिरकी गोलंदाजाची बोटे दिसू लागली. ज्याच्या छपरावर छत्री तो वाडीतला मोठा माणूस झाला. या मंडळींनी आम्हाला खेळ बघायला शिकवले, हे ऋण मी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की ज्यांनी शिकवले, त्यांनाच आता आपण शिकवलेले का आठवत नाही?

क्रिकेट हा खरे म्हणजे गजालींचा खेळ. चेंडू टाकला जातो तो क्षण डोळ्याचे पाते लवण्याइतका. बाकी सगळी असते ती दोन चेंडूंच्या मधली जागा. गोलंदाज परत चालत जातो तेव्हा त्याचा खांदा पडला आहे का ते कळते. कर्णधार एका क्षेत्ररक्षकाला दोन पावले डावीकडे सरकवतो आणि आपण घरात म्हणतो, ‘आता हा बाउन्सर टाकणार.’ फलंदाज खेळपट्टी ठोकतो, ती दुरुस्तीसाठी नव्हे, स्वतःला सावरण्यासाठी. या जागेत घरातले वडील मुलाला खेळ समजावून सांगत, शेजारी वाडेकर-बेदीच्या गोष्टी काढत, कोणीतरी आतून सुपारी आणी. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीत धावते वर्णन करीत तेव्हा तीच जागा शब्दांनी भरलेली असे. ते कान लावून ऐकणाऱ्याला मैदान दिसे. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनॉ यांचा नियम उलट टोकाचा, पण मुळात तोच: चित्रात भर घालता येत असेल तरच बोला, नाहीतर गप्प बसा. एकाने ती जागा शब्दाने राखली, दुसऱ्याने मौनाने. दोघांनाही ठाऊक होते की ती जागा प्रेक्षकाची आहे.

वाहिन्यांनी विकली ती नेमकी ही जागा.

षटकाचा शेवटचा चेंडू सीमेकडे जातो, तो क्षेत्ररक्षकाने यष्टिरक्षकाकडे फेकेपर्यंतही दम निघत नाही. मध्येच सिमेंट येते. गडी बाद झाला की बाद होणाऱ्याचे तोंड पाहावे, गोलंदाज कोणाकडे धावतो ते पाहावे, तर तिथे पानमसाल्याच्या नावाने वेलची विकणारे नट उभे. आता तर षटक संपायचीही वाट बघत नाहीत. चालू खेळाचे चित्रच आक्रसून कोपऱ्यात ढकलतात आणि भोवती मोटारगाडी फिरते. आमचे शेजारी अण्णा, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, मला म्हणाले, ‘माका सांग, बॉल टाकल्यार फील्डर खंय गेलो ता कोण दाखवतलो? हय नुसती गाडीच फिरता.’ डॉक्टरांना दाखवा, असे त्यांचा मुलगा म्हणाला. डोळ्यांचा दोष असता तर मीही तेच म्हटले असते.

बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत परतफेड कशातून होणार हे आधी दिसते. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांचे हक्क 2022 च्या लिलावात एकूण 48,390 कोटी रुपयांना गेले. लिलावात धरलेले सामने 410. म्हणजे एका सामन्याला सुमारे 118 कोटी. एका सामन्यात पुरते चेंडू टाकले गेले तर 240. भागाकार करा: एका चेंडूला 49 लाख रुपये! आमच्या शाखेत एवढ्या रकमेच्या कर्जाला तीन सह्या आणि जमिनीचा सातबारा लागत असे. इथे तारण काय? तारण म्हणजे तुमची-आमची नजर. चेंडू हवेत असतानाचा क्षण विकता येत नाही, म्हणून वसुली सगळी मधल्या जागेतून. 2009 मध्ये तर खेळातच डावपेचांच्या नावाखाली साडेसात मिनिटांची सुट्टी घातली. कोणते डावपेच आणि कोणाचे, हे घरात बसलेल्या शाळकरी पोरालाही कळत होते. पुढल्या वर्षी ती सुट्टी तुकडे करून वाटली.

आमच्या धंद्यात कर्जदाराकडून नफा येतो, पण बँक उभी असते ती ठेवीदारावर. त्याला काउंटरवर ताटकळत ठेवले, पासबुक भरून दिले नाही, तरी पहिली काही वर्षे काहीच होत नाही. तो भांडत नाही. मुदत संपली की पैसे उचलतो आणि दुसऱ्या दारात जातो. जुना प्रेक्षक हा असा ठेवीदार आहे. त्याने चाळीस वर्षांचे लक्ष या खेळाकडे ठेवले, ते लक्ष वाहिन्यांनी जाहिरातदारांना व्याजाने लावले, आणि त्याच्या वाट्याला काय आले, तर षटकाचा शेवटचा चेंडूही पुरता नाही.

समालोचकांचे काय झाले ते पाहा. आयपीएलच्या पहिल्या काही हंगामांत षटकार मारला की तो षटकार राहत नसे, ‘डीएलएफ मॅक्झिमम’ होई; झेल घेतला की ‘कार्बन कमाल कॅच’. ज्यांच्या फलंदाजीवर आम्ही जीव ओवाळला, ती माणसे गंभीर चेहऱ्याने ही नावे घेत होती. हसावे की रडावे ते कळेना. तरी पोट सर्वांना आहे, हे मी समजू शकतो. समजू शकत नाही ते पुढचे. भारतातल्या सामन्यांचे चित्रण मंडळाने स्वतःच्या हाती घेतल्यावर समालोचकही मंडळाच्याच पगारावर आले. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इथे येणार होता तेव्हा इयान चॅपेल यांनी हे काम नाकारले. पंचांच्या निर्णयाचा फेरविचार, संघनिवड आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. हे त्यांनी उघड सांगितले. आता गणित असे की ज्यांच्या संघाविषयी बोलायचे, पगार त्यांचाच. हिशेबनीस आणि लेखापरीक्षक एकच असेल तर ताळेबंद वाचायचा तरी कशाला? जुना श्रोता शब्दांपेक्षा सूर ऐकतो. चांगल्या चेंडूला चांगला आणि वाईट निवडीला वाईट म्हणणारा आवाज गेला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

आणि हे फक्त क्रिकेटचे दुखणे नव्हे. कबड्डी तर आपल्या मातीतली. कोकणात ज्या गावाला धड मैदान नाही त्या गावातही कबड्डीचे मंडळ असते. 2014 च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्या भागात दिवाळीच होती. मॅटवर दिवे, संध्याकाळची हक्काची वेळ, आपल्या पोरांना पैसा आणि नाव. उत्तम काम झाले, वादच नाही. पण पहिल्या वर्षी पाच आठवड्यांत 60 सामने होते, ते 2017 मध्ये तीन महिन्यांत 138 झाले. रोज पुरणपोळी वाढली तर चौथ्या दिवशी माणूस पेज मागतो. शिवाय ‘लोण’ हा आमचा शब्द, साऱ्या संघाला बाद करण्याचा; त्याचे ‘ऑल आउट’ झाले. चढाईची ‘रेड’ झाली. ज्या खेळाची भाषाच मराठी, तो बघताना मराठी माणसाने अनुवाद करीत बसायचा.

मध्यंतरी दारालाही कुलूप लागले. 2007 च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्धचे सामने दूरदर्शनला मिळेनात, ओरड झाली, आणि सरकारने कायदा केला की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीला द्यावेच लागेल. छान झाले. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरते आणि मोफत डिशपुरते. केबलवाल्याने ते दाखवायचे नाही. 2019 पासून प्रत्येक वाहिनीची वेगळी किंमत लागली आणि खेळाच्या काही मुख्य वाहिन्यांनी थेट 19 रुपयांची कमाल मर्यादा गाठली. रक्कम मोठी नव्हे. पण कुठली स्पर्धा कुठल्या वाहिनीवर, ती आपल्या पॅकेजात आहे की नाही, यंदा मालक कोण, हे शोधायला माणूस बसवावा लागतो. एके दिवशी मी यासाठी एका कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, असे करीत उपाहाराची वेळ झाली.

इंग्लंडने हे आपल्या आधी भोगले आहे. 2005 ची ॲशेस मालिका तिथे चॅनल फोरवर फुकट दिसत होती. ऐन भरात 80 लाखांहून अधिक लोक ती पाहत होते. पुढच्या वर्षापासून क्रिकेट स्कायच्या पैसे भरण्याच्या वाहिनीवर गेले. 2009 ची ॲशेस इंग्लंडने जिंकली, पण ऐन भरातला आकडा 20 लाखांच्या आत होता. मंडळाची तिजोरी भरली आणि घरे रिकामी झाली. 2019 च्या विश्वचषकात इंग्लंड अंतिम फेरीत पोहोचले तेव्हा स्कायनेच तो सामना चॅनल फोरलाही दाखवू दिला. लोक बघणार नाहीत तर जिंकून करायचे काय, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा.

आपल्याकडे घरे रिकामी झाली नाहीत, पण घरातली माणसे वेगवेगळी झाली. 2023 मध्ये आयपीएल मोबाईलवर फुकट मिळू लागली. त्यात मराठी समालोचनही होते, आणि मला मनापासून आनंद झाला. केदार जाधव त्या समालोचनातून उठून थेट बंगळुरूच्या संघात खेळायला गेला, तेव्हा तर आम्ही हसलोही. पण मुलगा आत खाटेवर मोबाईलवर, नातू अंगणात दुसऱ्या मोबाईलवर, आणि बाहेर आजोबा भिंतीवरच्या संचासमोर एकटे. आतून ओरड आली की यांना कळते, गडी गेला. संचावर तो थोड्या वेळाने जातो, किंवा आधीच गेलेला असतो. नातवाला खेळाचे काही सांगावे, तर तो पैसे लावून काल्पनिक संघ बनवण्यात गुंतलेला. त्या जुगारवजा खेळांना 2025 च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी आली. तोवर कित्येक वर्षे आपल्याच लाडक्या खेळाडूंनी दर षटकाला घरातल्या पोरांना त्याचे आमंत्रण दिले होते. कुठल्या घरातल्या आईला हे विचारले होते?

जुने दिवस परत आणा, असे मी म्हणणार नाही; मला ती यष्टिरक्षकाची पाठ पुन्हा बघायची नाही. मागणी अगदी साधी आहे. बँका ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींना अर्धा टक्का जादा देतात. उपकार म्हणून नव्हे. ती ठेव हलत नाही, म्हणून. वाहिन्यांकडे आज एकाच सामन्याची दहा-बारा भाषांतली चित्रे आहेत, उभी-आडवी सगळी. त्यात आणखी एक द्यावे. स्टुडिओ नको, कोपऱ्यातली मोटार नको, समालोचक हवे तर एकच, आणि तोही मधूनमधून गप्प बसणारा. बाकी मैदानाचा आवाज, बॅटचा आवाज, आणि षटकाचा सहावा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात येईपर्यंत चित्र तसेच. जाहिराती चहापानाला दाखवा, आम्ही उठणार नाही. पैसे घ्या, 19 च्या जागी 25 घ्या. अण्णांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, ‘पंचवीस कित्याक, तीस देतंय. पण तो एक बॉल तरी माका पुरो बघूक मिळाक होयो.’