नदीच्या मळीविषयी एक अर्ज

मा. कुलगुरू, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी, यांस



ज्या नृसिंहवाडीत पंचगंगा कृष्णेस मिळते आणि पावसाळ्यात पाणी दत्तपादुकांवरून दक्षिणद्वारी वाहू लागले की सारा गाव स्नानास लोटतो, तेथील पूर ओसरताना काठच्या शेतांत जी मळी मागे राहते (कारखान्याची निराळी, ही नदीची) तिच्याविषयी हा अर्ज आहे.

कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती या मळीच्याच जिवावर. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ती उदंड दिली. परंतु पंचगंगा कोल्हापूरचे सांडपाणी आणि इचलकरंजीच्या रंगाईचे पाणीही पोटात घेऊन येते. आणि अशा पाण्यातून शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू आले, तर ते शेणासारखे कुजून नाहीसे होत नाहीत. सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते, त्यांची होत नाही.

अशा मातीत पिकाचा कैवार घेणारी जी बुरशी आमचे शेतकरी 'व्हॅम' म्हणून विकत आणतात आणि आपण मायकोरायझा म्हणता, ती मुळाच्या पेशीत सूक्ष्म झाडासारखी पसरून, मुळाला न पोचणारे स्फुरद आपल्या तंतूंनी आणून देते, बदल्यात पिकाकडून साखर घेते, आणि धातूंचा बराच अंश स्वतःच्या तंतूंतच जखडून ठेवून शेंड्याकडे जाऊ देत नाही. मात्र ही सनद सरसकट नाही. बुरशीची जात, धातू आणि मातीचा सामू यांचा मेळ बिघडला तर क्वचित शोषण उलट वाढते. सुपर फॉस्फेटचा मारा केल्यास हे सख्यच मोडते. आणि कोबी, मोहरी, पालक यांच्या मुळांशी तर तिचे मुळीच जमत नाही, म्हणजे जी पालेभाजी धातू सहज पानांत साठवते तिलाच हे संरक्षण नाही.

म्हणून परप्रांतीच्या पाकिटावर भिस्त न ठेवता, याच मळीत टिकून राहिलेल्या बुरशीच्या जाती वेगळ्या काढून वाढवाव्यात, आणि तत्पूर्वी माती व वांगी दोन्ही तपासून आकडे गावच्या चावडीवर जाहीर करावेत, अशी विनंती आहे. ही बुरशी सांडपाणी सोडणाऱ्यांस मिळालेला माफीनामा ठरू नये, हेही आपल्या अहवालात स्पष्ट लिहावे.

नमुने घेण्यास दसऱ्याच्या सुमारास यावे. तेव्हा वांग्याची रोपे वाफ्यावर असतात, आणि बुरशी मुळांना द्यायची ती लावणीपूर्वीच.



आपला,
नृसिंहवाडीचा एक काठकरी