पंधराचा फ्यूज, चौदाचं पॅनेल

सोलरच्या कॉम्बायनर बॉक्समध्ये 15 अँपिअरचा फ्यूज दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. फ्यूज वाईट नाही. छतांवर 320 वॅटची पॅनेलं बसत होती तेव्हा तोच बरोबर होता. त्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट साधारण 9 अँपिअर, त्याची दीडपट साडेतेरा, बाजारात मिळणारं पुढचं माप 15. मग पॅनेलं 550 वॅटची झाली, करंट 14 च्या घरात गेला, आणि आमच्या कंत्राटदारांनी जुन्या कोटेशनवरची तारीख आणि वॅट एवढंच बदललं. फ्यूजच्या ओळीत 15 तसाच राहिला.

याचं पुढे काय होतं ते विदर्भातल्या एका जिनिंगच्या पत्र्यावर पाहिलं. आठ स्ट्रिंग, म्हणजे पॅनेलांच्या आठ माळा, त्या एकत्र येतात तो एक बॉक्स, मे महिना. भर दुपारी प्रत्येक फ्यूजमधून 13 अँपिअर वाहतोय. बाहेर 45 अंश, उन्हात टांगलेल्या बंद बॉक्सच्या आत त्याहून कितीतरी जास्त. फ्यूजवर छापलेला आकडा एवढ्या उकाड्यासाठी नसतोच. तापमान चढलं की त्याची ताकद उतरते. रोज तापून रोज निवून आतली पट्टी थकते आणि एका दुपारी, काही बिघाड नसताना, फ्यूज उडतो. वायरमन येऊन बदलतो. आठवड्याने दुसरा उडतो. मालक वैतागतो, मग वायरमन 32 चा टाकतो. त्या बॉक्समध्ये दोन होल्डरांत 32 चे होते आणि एकात फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा. खाली शेडमध्ये कापसाचे ढीग. मी प्लांट बंद करायला सांगितला तर कंत्राटदार म्हणतो, “साहेब, इतके दिवस काही झालं नाही ना?” रोग म्हशीला आणि औषध पखालीला, आणि वर हा उर्मटपणा.

काही झालं असतं तर काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. फ्यूज इन्व्हर्टर वाचवतो अशी पुष्कळांची समजूत आहे. साफ चूक. पॅनेल शॉर्ट केलं तरी करंट भडकत नाही: चालू असताना 13, शॉर्ट केल्यावर 13.9. एवढ्याने कुठला फ्यूज उडणार? खरा धोका शेजारच्या स्ट्रिंगांचा. एकीत बिघाड झाला की उरलेल्या सात आपला करंट तिच्यात उलटा ओततात. सात गुणिले 13.9, म्हणजे 97 अँपिअर. त्या पॅनेलच्या पाठीवर बनवणाऱ्याने स्वच्छ छापलेलं असतं: कमाल फ्यूज 25. चार चौरस मिलिमीटरची वायर मोकळ्या हवेतसुद्धा पन्नास-पंचावन्न अँपिअरची. 97 तिथे पोचू नये एवढ्यासाठीच फ्यूज असतो, आणि तिथे या माणसाने तार घातली होती.

नियम अवघड नाही. आयईसी 62548 प्रमाणे फ्यूज शॉर्ट सर्किट करंटच्या दीडपटीहून मोठा, 2.4 पटीच्या आत, आणि पॅनेलवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. 13.9 ची दीडपट 20.85. वरची मर्यादा 25. या फटीत 25 चा फ्यूज बसतो. 15, 20 आणि 32 तिन्ही बाद. दहावीच्या मुलाला जमेल असा हिशोब लाखोंची बिलं काढणाऱ्यांना जमत नाही, कारण तो करायचा असतो हेच त्यांना पटलेलं नाही.

उलटा प्रकारही तितकाच संतापजनक. 78,000 रुपयांच्या सबसिडीवर घरावर 3 किलोवॅट बसवतात. सहा पॅनेलं, एकच स्ट्रिंग. तिच्यात उलटा करंट ओतायला दुसरी कोणी नाही, तरी ‘फ्यूज प्रोटेक्शन’ म्हणून ग्राहकाकडून पैसे घेतात. दोन स्ट्रिंग असल्या तरी उलटा येणार 13.9, म्हणजे 25 च्या आतच. तिसरी जोडली की 27.8 होतो आणि फ्यूज सक्तीचा होतो. नेमकी ही तिसरी स्ट्रिंग आमचे लोक वाय कनेक्टरने, फ्यूजशिवाय, गुपचूप जोडून टाकतात. नको तिथे फ्यूज, हवा तिथे नाही.

बॉक्सचंही तेच. आठ स्ट्रिंगांचे 111 अँपिअर, कडक उन्हाची सव्वापट धरली की 139. त्यावर 125 चा आयसोलेटर, म्हणजे प्रवाह तोडणारा स्विच, लावतात. 160 चासुद्धा बॉक्सच्या आतल्या उष्णतेत पुरेल की नाही हे बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघावं लागतं. तो तक्ता उघडलेला माणूस मला क्वचितच भेटतो. आणि स्वस्त पडतो म्हणून डीसीवर एसीचा एमसीबी लावणारे तर गुन्हेगारच. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. 900 व्होल्टवर पेटलेला आर्क प्लास्टिक वितळवत जळत राहतो. म्हणूनच भर उन्हात चालू स्ट्रिंगचा होल्डर उघडायचा नसतो, आधी आयसोलेटर. ही सूचना बॉक्सवर मराठीत लिहिलेली मी अजून पाहिलेली नाही, आणि तो उघडणारा वायरमन मराठी वाचतो.

तपासणीच्या कागदावर प्रश्न असतो ‘फ्यूज आहे का?’, उत्तर ‘होय’. किती अँपिअरचा, किती व्होल्ट डीसीचा, सोलरसाठीच्या जीपीव्ही जातीचा आहे का, याला रकानाच नाही. सोसायट्या आणि कारखानदार किलोवॅटचा दर विचारतात आणि सर्वांत कमीवाल्याला काम देतात. माझं त्यांना सांगणं आहे: शेवटचा हप्ता रोखा. बॉक्सच्या झाकणाच्या आत शॉर्ट सर्किट करंट, समांतर स्ट्रिंगांची संख्या, पॅनेलवरचा कमाल फ्यूज आणि बसवलेला फ्यूज, हे चार आकडे सहीनिशी लिहून घ्या. मग झाकणावरचा आकडा होल्डरमधल्या फ्यूजशी जुळतो का ते, आयसोलेटर बंद करून, कंत्राटदाराकडूनच उघडून दाखवून घ्या.