मुख्य प्रवाह कोणाचा?

महिला फुटबॉल आता 'मुख्य प्रवाहात' आला, असे हल्ली कौतुकाने म्हटले जाते. या कौतुकाला आमचा आक्षेप आहे. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हांला हा शब्दप्रयोग चांगलाच परिचित आहे. दलित साहित्याबद्दल आणि स्त्रियांच्या लेखनाबद्दलही तो वापरून झाला आहे. प्रवाह मुळात इतरांचा होता आणि काठावरच्यांना त्याने उदारपणे सामावून घेतले, हे त्यात गृहीत असते.

इतिहास वेगळे सांगतो. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक जमले होते. वर्षभरातच, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून संलग्न क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली. म्हणजे प्रवाह होताच. त्याला बांध घातला गेला. बांध घालणाऱ्यांनीच पाणी वाहू लागल्याचे श्रेय घ्यावे, याला काय म्हणावे?

भारतीय महिला संघ १९८३ मध्ये आशियाई स्पर्धेचा उपविजेता होता. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून तो २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. याला 'उदय' म्हणायचे, की मधल्या विस्मरणाचा हिशेब मागायचा?

आमच्या नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी 'स्लम सॉकर' सुरू केले. त्या कामावर बेतलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटाची चर्चा झाली ती प्रशिक्षकाभोवती. आमच्या मनात मात्र राहिली रिंकू राजगुरूने साकारलेली मोनिका. खेळ तिच्या पायांत आहे. पण पासपोर्टसाठी आपण कोण, याचा पुरावा तिला दारोदार मागावा लागतो.

मान्यतेचे राजकारण ते हेच. खेळाडू असतेच, अडते ते दाखला देणाऱ्यापाशी. आणि दाखला देणारे केवळ सरकारी कचेरीत बसत नाहीत. स्त्रियांचे लेखन अभ्यासक्रमाच्या शेवटच्या घटकात ढकलून परीक्षेच्या तोंडावर उरकणारे आम्ही प्राध्यापकही त्यांतलेच. तेव्हा 'मुख्य प्रवाहात स्वागत' ही भाषा आधी आपण सोडू. मुलींना स्वागत नको आहे; संध्याकाळी मोकळे मैदान हवे आहे.