दोन झाडांचा रस

पेन्शनीत निघालेला माणूस परदेशी मुलाकडे राहायला गेला, की त्याला कामे दोनच. सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत पोचवायचे आणि दुपारी परत आणायचे. मधला वेळ शेजाऱ्यांच्या उचापती पाहण्यात घालवायचा. २०२३ च्या शरदात आम्ही उभयता व्हर्मॉंटला चिरंजिवांकडे गेलो, तेव्हा मी हेच केले. वाचकहो, त्यातल्या एका उचापतीने मला थेट कोकणात, साठ वर्षे मागे नेऊन सोडले, म्हणून हा प्रपंच.

व्हर्मॉंट हे अमेरिकेच्या ईशान्येकडचे डोंगराळ राज्य. मेपलचा पाक करण्यात त्या देशात त्याचा नंबर पहिला. ऑक्टोबरात मेपलची पाने अशी लाल होतात, की डोंगराला कुंकू फासल्यासारखे वाटते. नोव्हेंबरात सगळी झाडे उघडी पडली. एके सकाळी पाहतो, तो शेजारचे म्हातारबुवा भोक पाडायचे यंत्र घेऊन मेपलपाशी उभे. त्यांनी खोडाला करंगळीहून बारीक, दीड-दोन इंच खोल भोक पाडले. रस बाहेर ओघळावा म्हणून ते आत किंचित चढते ठेवले. मग तोटी ठोकली आणि खाली बादली अडकवली. जरा ऊन वर आले नाही तोच टप्, टप्, टप्!

मी कुंपणापाशी गेलो. बुवा शिक्षकाच्याच हौसेने सांगू लागले. रात्री पाणी गोठावे आणि दिवसा वितळावे, अशी हवा असली की झाडाच्या आत दाब वाढतो आणि रस भोकातून वाहू लागतो. खरा हंगाम फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचा. पण पानगळीनंतर तशी हवा पडली, तर तेव्हाही थोडा मिळतो. मात्र गोडी कमी. झाड रस काढण्याजोगे व्हायला चाळीसेक वर्षे लागतात. गोरे लोक तिथे येण्यापूर्वीपासून तिथल्या मूळच्या रहिवाशांना ही विद्या ठाऊक होती. त्यांनी मला पेलाभर रस दिला. पाण्यात कुणी बत्तासा बुडवून काढून घेतला असावा, तशी चव!

वसंतातल्या रसातसुद्धा साखर शेकडा दोनच्या आसपास. चाळीस बादल्या आटवाव्या, तेव्हा बादलीभर पाक हाती लागतो. मग हा त्याहून फिका रस आटवून सरपण कशाला जाळायचे? मी तसे विचारताच बुवा डोळे मिचकावून म्हणाले, ‘‘पाक नव्हे, बिअर!’’

पुढच्या रविवारी चिरंजीवही त्यांच्या मदतीला. पाण्याऐवजी हा रस तापवायचा. त्यात मोड आणून सुकवलेले, भरडलेले सातू तासभर ठेवायचे. मग गाळून, हॉप नावाची कडू फुले घालून उकळायचे. निवल्यावर यीस्ट टाकून मोठ्या काचेच्या बरणीत भरायचे. दोन आठवडे बुडबुडे येतात. मग चमचाभर मेपलचाच पाक घालून बाटल्या बंद करायच्या आणि आणखी दोन आठवडे वाट पाहायची. आपल्या लोणच्यासारखेच; घाई केली की बिघडले.

आमच्या सौभाग्यवती हे सारे खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी सूनबाईंना हळूच विचारले, ‘‘अगं, पोलीस नाही का येत?’’

सूनबाई हसल्या. १९७८ सालीच तिथे कायदा झाला. घरात दोन प्रौढ माणसे असली, तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर बिअर घरच्यासाठी खुशाल करा. सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. ‘पोलीस’ हा शब्द माझ्या कानात अडकून राहिला.

मी तिसरीत होतो. साल १९६०. आमचे अण्णा मालवणजवळच्या खेड्यात शाळामास्तर. १९४९ चा दारूबंदीचा कायदा जारी होता आणि अण्णांची त्यावर देवासारखी श्रद्धा. शेजारी एक भंडारी राहत असे. चोरून दोन माड काढी. अंधारात चढून पोय कोयत्याने तासायची, मडके उतरवायचे. उजाडण्यापूर्वी गोड असते, ऊन चढले की आपोआप आंबून माडी होते. त्याचा मुलगा माझ्या वर्गात. एका पहाटे त्याने मला करवंटीभर गोड रस पाजला. घरी आलो, तर अण्णांना वास आला. त्यांनी विचारले, ‘‘कुठला माड?’’ खोटे बोलू नये, हे त्यांनीच शिकवले होते. मी बोट दाखवले.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. मडकी फुटली, भंडाऱ्याला नेले. दंडापायी गाय विकली गेली. माझा मित्र शाळा सोडून मुंबईला एका खानावळीत कपबशा विसळायला गेला. अण्णा प्रामाणिक होते. त्यांना वाटले, आपण गावाचे भले केले. मी मात्र हे कुणालाच, सौभाग्यवतींनाही, कधी सांगितले नव्हते.

डिसेंबरात पहिली बाटली फुटली, तेव्हा मी म्हणालो, ‘‘मलाही दोन घोट द्या.’’ सौभाग्यवतींच्या हातातले ताट तसेच राहिले. जन्मात पहिले ते दोन घोट. कडवट, आणि मागे अगदी पुसटशी गोडी. त्या रात्री मी त्यांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं, त्याला सांगा.’’

मे महिन्यात मी गावी गेलो. मित्र आता तिथेच असतो. नातवंडे आहेत, अंगणात माड आहेत. मी पाकाची बाटली पुढे केली आणि अडखळत बोलायला लागलो. त्याने मला पुरे बोलूच दिले नाही.

‘‘बापाशीक म्हायत होता रे,’’ तो म्हणाला. ‘‘तो म्हणायचो, पोरगो तो, खोटा कित्याक बोलतलो?’’

मग त्याने बोटावर पाक घेऊन चाटला, जरा विचार केला आणि सुनेला हाक मारली, ‘‘गो, घावने घाल. मास्तराचो झील इलोहा.’’

घावने आम्ही त्या पाकाशी खाल्ले. परदेशी पाक घावनाशी चांगला लागतो. यंदाच्या दिवाळीत करून पाहा.