टाकीसाठी घेतलेले कर्ज वाया जात नाही

संपादक महोदय,


बचत गटातल्या बायका उद्योगाच्या नावाने कर्ज उचलतात आणि घरात खर्चून टाकतात, अशी तक्रार करणारे पत्र नुकतेच आपल्याकडे छापून आले. मुकुंदवाडीतल्या एका गटाची वही मी नऊ वर्षे लिहिली, म्हणून सांगते, तक्रार खरी आहे. आमच्या ठराव वहीत शिलाई मशीन दोनदा आले असेल, पापड-कुरडयांचे सामान तीनदा. बाकी सगळा दवाखाना, शाळेची फी, घरावरचे पत्रे आणि पाण्याची टाकी. टाकी तर कितीदा तरी.

या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आपल्या वाचकांना काय सांगायचे! पाण्याचा दिवस म्हणजे कामाला खाडा. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे एखादे घर तेवढ्या खाड्यांनीच सुटते. आमच्यातल्या एकीने गटाकडून चार हजार घेऊन पाचशे लिटरची टाकी बसवली, तोटी सोडायचे काम शेजारणीवर सोपवले आणि पाण्याच्या दिवशीही कामावर जाऊ लागली. आठ महिन्यांत कर्ज फेडले. बँकेच्या कागदावर ही टाकी ‘अनुत्पादक’. ज्यांच्या घरात पाणी आपोआप वर चढते, त्यांनी ठरवलेला तो शब्द असावा.

दुसरा आक्षेप व्याजाचा. आमचा दर महिना शेकडा दोन. वर्षाला चोवीस टक्के म्हटले की शिकलेली माणसे दचकतात. पण वस्तीत खासगीत शेकडा दहाने पैसा फिरतो. दहा हजारांवर दरमहा हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. आमच्याकडे दहा हजारांवर पहिल्या महिन्याला दोनशे, मग मुद्दल उतरेल तसे कमी. शिवाय ते व्याज जाते कुठे? आमच्याच पेटीत. दहा जणींनी महिना शंभर टाकले तर वर्षाला मुद्दलच 12,000, त्यावर हे व्याज.

गटामुळे गरिबी हटते, असे मात्र मी म्हणणार नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत लघुकर्जाचा अभ्यास केला. 2015 साली तो प्रसिद्ध झाला. आयुष्य पालटल्याचे काही त्यांना आढळले नाही. मला त्यात नवल वाटले नाही. चार हजारांत आयुष्य पालटत नसते, खाडा वाचतो.

पण पत्रलेखकाने एक घोळ केला आहे. बचत गट आणि फायनान्स कंपनीचा ‘ग्रुप’ त्यांनी एकाच पोत्यात भरले. नाबार्डने 1992 साली गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून रीत अशी की आधी बचत, मग आपसात कर्ज, मग बँक. कंपनीच्या ग्रुपात बचत नाही, पेटी नाही, वही नाही. आहे ती फक्त एकमेकींची हमी. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात, आणि शेजारधर्म वसुलीच्या कामाला जुंपलेला. व्याज ‘फ्लॅट 12 टक्के’ सांगतात. तीस हजारांवर वर्षाचे 3,600, म्हणजे महिना 2,800 चा हप्ता. ऐकायला स्वस्त. पण मुद्दल दरमहा उतरत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर, म्हणून खरा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो. आणि ते व्याज वस्तीत परत येत नाही. 2010 साली आंध्रात अशा कंपन्यांच्या याच वसुलीच्या धंद्याने कर्जदारांचे काय केले, ते देशाने पाहिले आहे.

रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम वाईट नाहीत. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, वसुलीचा फोन सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर नको, दराचा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. आमच्या गल्लीत एकीकडे चार-चार कंपन्यांची कार्डे आहेत. तिचे उत्पन्न कुणी विचारले होते, हे मी तिलाच विचारले. ती हसली.

म्हणजे राग काढायचाच तर तो टाकी घेणाऱ्या बाईवर नको. गटाला बँकेचे कर्ज वेळेत मिळत नाही, खाते उघडायला चार खेपा घालाव्या लागतात, म्हणूनच दारात येणाऱ्या कंपनीचा कागद सोपा वाटतो. मार्चअखेर आला की बँका उद्दिष्टासाठी गटांच्या फायली शोधू लागतील. तेव्हा ‘कोणता उद्योग करणार’ या रकान्यावर अडून न बसता शाखाधिकाऱ्यांनी आमची ठराव वही मागवावी. कुणी किती घेतले, कशाला घेतले आणि कधी फेडले, सगळे तिच्यात आहे. अक्षर जरा वाकडे आहे, तेवढे चालवून घ्यावे.

आपली,
एका बचत गटाची माजी सचिव,
मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर