सलाईन चालू आहे, पण शिरेकडे कोण पाहतो?

‘अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा,’ ही मागणी बीड जिल्ह्यातील दवाखान्यांना नवी नाही. पण ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असते फक्त २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरींच्या आतली ऊर्जा. ज्वारीची एक भाकरी याहून अधिक देते. ज्याला तोंडाने खाता येते, त्याने ताकदीसाठी शिरेची सूज ओढवून घेऊ नये.

आतड्याचा अडथळा किंवा मोठी शस्त्रक्रिया यांमुळे खाणे बंद झालेल्यांना मात्र शिरेतून दिलेले पोषण जीवदान ठरते. तिथे काळजी हवी ती द्रावणाच्या दाटपणाची. रक्ताची तीव्रता लिटरमागे सुमारे २९० मिलीऑस्मोल असते. हाताच्या शिरेतून द्यायच्या पोषणासाठी ८५० ते ९०० ही मर्यादा मानली जाते. २५ टक्के डेक्स्ट्रोज १,३०० च्याही पुढे जाते आणि शिरेच्या नाजूक अस्तराला इजा करते. म्हणून दाट किंवा दीर्घकाळचे पोषण छातीतील मोठ्या शिरेपर्यंत नेलेल्या नळीतूनच द्यावे. तिथल्या जोरदार प्रवाहात ते लगेच पातळ होते.

हाताला इंट्राकॅथ लावताना नळी शक्य तितकी बारीक, शीर मोठी आणि जागा सांध्यापासून दूर असावी. हात स्वच्छ धुतलेले असावेत आणि नळी हलणार नाही अशी चिकटवावी. दुखणे, लाली, सूज किंवा शीर दोरीसारखी टणक लागणे, यातले काहीही दिसले तर सलाईन थांबवून नळी काढायला हवी. ‘बाटली संपू द्या, मग पाहू,’ हे उत्तर नातेवाइकांनी मान्य करू नये. तसेच बाटली लवकर संपावी म्हणून सलाईनचे चाक स्वतः फिरवू नये.

अंबाजोगाईत १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे ज्ञान जिल्ह्याला परके नाही. ते प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचायचे, तर चिकटपट्टीवर नळी लावल्याची तारीख-वेळ आणि केसपेपरवर प्रत्येक पाळीत शिरेची नोंद सक्तीची हवी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो मिळावा एवढ्या परिचारिका वॉर्डात असायला हव्यात.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. एकाचा हात सुजला, तरी दोघांची मजुरी बुडते. त्या हाताकडे पाळीतून एकदा नीट पाहणे, एवढे तर रुग्णालयाला जमलेच पाहिजे.